गो शिकताना: आधी लिबर्टी मोजा, मुलूख नंतर

गो हा काळ्या-पांढऱ्या खड्यांनी पटावर खेळायचा दोघांचा खेळ. त्याचे नियम दहा मिनिटांत समजतात. रेघांच्या छेदांवर आळीपाळीने खडे ठेवायचे, ठेवलेला खडा हलवायचा नाही, पूर्ण कोंडलेला गट उचलायचा आणि शेवटी ज्याच्याकडे जास्त मुलूख, म्हणजे घेरलेले रिकामे छेद, तो जिंकला. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. पाच-सहा डाव हरले की नवा खेळाडू ओपनिंगचे व्हिडिओ बघायला लागतो, कोपऱ्यातल्या ठरलेल्या चाली पाठ करतो आणि तरीही हरत राहतो. कारण सुरुवातीच्या काळातले बहुतेक डाव ओपनिंगमध्ये जातच नाहीत. मधेच कुठेतरी आठ-दहा खड्यांचा एक गट मरतो आणि डाव तिथे संपतो. तो गट मरतो, कारण त्याच्या लिबर्टी, म्हणजे गटाला लागून असलेले रिकामे छेद, कुणी मोजलेल्या नसतात.

म्हणून इथला क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. आधी मारामारी, मग गट जगवणं आणि सगळ्यात शेवटी मुलूख. मुलूख राखायला गट जिवंत लागतो, हे त्यामागचं साधं कारण.

लहान पटापासून सुरुवात करा

पूर्ण पट १९×१९ रेघांचा, म्हणजे ३६१ छेदांचा असतो. त्याआधी ९×९ (८१ छेद) आणि मग १३×१३ (१६९ छेद) खेळा. ९×९ चा डाव पंधरा-वीस मिनिटांत उरकतो, चौथ्या-पाचव्या चालीलाच खडे एकमेकांना भिडतात आणि चूक केली की तिची किंमत लगेच कळते. १९×१९ वर तीच चूक केली तर परिणाम ऐंशी चालींनंतर दिसतो, आणि तोवर नेमकं काय चुकलं हे सांगता येत नाही.

‘पहिले पन्नास डाव लवकर हरून टाका’ अशी या खेळात एक म्हण आहे. ती मनावर घ्या, पण अर्धीच. भराभर खेळायचं ते भीती जावी म्हणून. चाल मात्र बघूनच टाकायची. तीस ते पन्नास डाव ९×९ वर झाले आणि ‘अरे, हा गट अतारीत होता हे दिसलंच नाही’ असं होणं थांबलं, की १३×१३ वर जा. अतारी म्हणजे गटाला शेवटची एकच लिबर्टी उरणं. ती न दिसणं ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक आहे.

लिबर्टी मोजायची सवय

खड्याला रेघेने थेट जोडलेला रिकामा छेद म्हणजे लिबर्टी. मधल्या एकट्या खड्याला चार, कडेच्या खड्याला तीन आणि कोपऱ्यातल्या खड्याला दोन. तिरका छेद धरत नाहीत. एकमेकांना चिकटलेल्या खड्यांच्या लिबर्टी सामाईक असतात, त्यामुळे गट एकत्र जगतो किंवा एकत्र मरतो.

एका रांगेत ठेवलेल्या तीन खड्यांना आठ लिबर्टी मिळतात. तेच तीन खडे काटकोनात ठेवले आणि आतला छेद रिकामा राहिला तर सातच. या आकाराला रिकामा त्रिकोण म्हणतात आणि तो शक्यतो टाळायचा. एक लिबर्टी कमी होते हे एक. दुसरं म्हणजे, दोन तिरके खडे जोडायला तिसरा खडा बहुतेक वेळा लागतच नाही. एका बाजूने तोडलं तर दुसऱ्या बाजूने जोडता येतं. म्हणजे ती चाल निम्मी वाया जाते.

प्रत्येक चालीआधी तीन प्रश्न, याच क्रमाने. समोरच्याने आत्ता टाकलेला खडा कशाची धमकी देतोय? माझ्या कोणत्या गटाला दोन किंवा त्याहून कमी लिबर्टी आहेत? त्याच्या कोणत्या गटाला? या तीन प्रश्नांना पाच सेकंदही लागत नाहीत. पहिला प्रश्न सर्वांत जास्त वेळा राहून जातो, कारण आपली पुढची चाल आधीच मनात पक्की झालेली असते आणि तिच्या नादात समोरच्याच्या खड्याकडे लक्षच जात नाही.

दोन लिबर्टी असलेल्या गटाकडे खास लक्ष द्या. एक लिबर्टीवाला गट कुणालाही दिसतो. दोनवाला पुढच्या चालीला शिडीत किंवा जाळ्यात सापडू शकतो, आणि तो पकडायचा की सोडायचा हे ठरवायची वेळ आत्ताच असते.

शिडी की जाळं: एक जागा नीट पाहू

९×९ चा पट समोर घ्या. उभ्या रेघांना डावीकडून ए, बी, सी अशी नावं, आडव्या रेघांना खालून १ ते ९ आकडे. (आय हे अक्षर वगळतात, त्यामुळे एचनंतर जे येतो.) पांढरा खडा डी-४ वर ठेवा. काळे चार: सी-४, सी-५, डी-३ आणि ई-३. पांढऱ्याला डी-५ आणि ई-४ या दोनच लिबर्टी आहेत. पाळी काळ्याची.

नव्या खेळाडूचा हात आपोआप डी-५ वर जातो, कारण ती अतारी आहे. पांढरा ई-४ वर पळतो. काळा एफ-४ वर अतारी देतो, पांढरा ई-५ वर जातो, काळा ई-६, पांढरा एफ-५, काळा जी-५, पांढरा एफ-६. अशी ही पळापळ वरच्या उजव्या कोपऱ्याकडे तिरकी सरकत जाते. हीच शिडी. वाट मोकळी असेल तर पांढरा कडेला जाऊन मरतो. पण जी-७ वर पांढऱ्याचा एक खडा आधीपासून असेल तर पळणारा गट त्याला जाऊन मिळतो आणि सुटतो. काळ्यामागे उरतात विखुरलेले खडे, ज्यांच्यात दुहेरी अतारीच्या (एकाच चालीत दोन गटांना अतारी) जागा ठिकठिकाणी आहेत. चुकलेली शिडी नुसता एक खडा गमावत नाही, बहुधा सगळा डाव घालवते.

आता डी-५ ऐवजी काळ्याने ई-५ वर खडा टाकला तर? त्या चालीला अतारी नाही, पांढऱ्याला स्पर्शही नाही. पांढरा डी-५ वर वाढला तर काळा डी-६. मग पांढऱ्याला ई-४ ही एकच वाट उरते, आणि तिथे तो गेला की काळा एफ-४ टाकून तिन्ही खडे उचलतो. पांढरा आधी ई-४ वर गेला तर काळा एफ-४, पांढरा डी-५, काळा डी-६, पुन्हा तिन्ही गेले. हे जाळं. जी-७ वर कुणाचा खडा आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

ही जागा खऱ्या खड्यांनी दहा वेळा मांडा, मग आरशात दिसावी तशी उलटून आणि फिरवूनही मांडा. पकडायची वेळ आली की आधी जाळं शोधायचं, ते नसेल तर शिडी, आणि शिडी लावायची तर तिची वाट शेवटच्या खड्यापर्यंत बोटाने नव्हे, डोळ्यांनी जोखायची. अतारी देता येते म्हणून अतारी देणं ही सवय मोडायला जाळ्यासारखा दुसरा उपाय नाही. विनाकारण दिलेली अतारी समोरच्याला वाढायला भाग पाडते, त्याच्या लिबर्टी वाढतात आणि तुमची तोडायची जागा बुजते.

जगलेला गट आणि मेलेला गट

गटाने आतमध्ये पूर्ण घेरलेली रिकामी जागा म्हणजे डोळा. दोन वेगळे डोळे असलेला गट मारता येत नाही, कारण समोरच्याला दोन्ही रिकाम्या जागा एकाच चालीत भरता येत नाहीत. हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्रश्न हा की आत चार रिकामे छेद असलेल्या गटाला दोन डोळे होतील का. हे दर वेळी नव्याने शोधायची गरज नाही. काही आकार पाठच करावेत, आणि नवख्याने पाठ करण्यासारखं गोमध्ये खरोखर काही असेल तर ते हेच आहे.

आत सलग दोन छेद: एकच डोळा, गट मेला. सलग तीन छेद, सरळ असोत की वाकडे: ज्याची पाळी त्याचा गट, आणि चाल नेहमी मधल्या छेदावर. चार एका ओळीत: जिवंत, उत्तर द्यायची गरजच नाही, कारण समोरच्याने मधे टाकलं तर शेजारी टाकून दोन डोळे होतात. चार नागमोडी किंवा एल आकारात: जिवंत, मात्र अगदी कोपऱ्यातल्या एलला अपवाद असू शकतो. चार छेदांचा चौकोन: मेलेला, तुम्ही आधी खेळलात तरी. टी आकाराचे चार: जिथे तिन्ही वाटा मिळतात तो छेद निर्णायक. चौकोनाला एक छेद चिकटलेले पाच, अधिक चिन्हासारखे पाच आणि फुलासारखे सहा: यांतही एकच कळीचा छेद असतो, आणि ज्याने तो आधी घेतला त्याचं काम झालं.

खोटा डोळा वेगळा ओळखायला शिका. पटाच्या मधल्या डोळ्याला चार तिरके शेजारी असतात, त्यातले दोन समोरच्याच्या ताब्यात गेले की डोळा खोटा. कडेवरच्या डोळ्याला दोन तिरके शेजारी, तिथे एक गेला तरी पुरे. कोपऱ्यातल्या डोळ्याला एकच, तो गेला की संपलं. डोळा आहे असं समजून पास करणाऱ्यांचे (चाल न टाकता पाळी सोडणाऱ्यांचे) गट बहुतेक याच कारणाने जातात.

कडेवर दुसऱ्या रेघेवर सरकत जाणाऱ्यांसाठी एक जुना हिशोब आहे: सहा मरतात, आठ जगतात. म्हणजे दुसऱ्या रेघेवर सलग सहा खडे, दोन्ही टोकांना शत्रू, तर पाळी तुमची असली तरी गट वाचत नाही. आठ असतील तर समोरचा आधी खेळला तरी जगतात. सातला ज्याची पाळी त्याचं. कोपऱ्यात हाच हिशोब चार आणि सहाचा होतो. त्यामुळे दुसऱ्या रेघेवर एकेक खडा सरकवत ‘जीव वाचवत’ जाण्याआधी किती सरकायला मिळेल ते मोजा. मरणारच असेल तर तिथला प्रत्येक नवा खडा समोरच्याची बाहेरची भिंत आणखी जाड करतो. गट सोडून दुसरीकडे मोठी चाल घेणं हे नवख्याला जमत नाही, आणि जमायला लागलं की खेळ एकदम पुढे सरकतो.

लिबर्टीची शर्यत

दोन्ही गट कोंडलेले, कुणालाच दोन डोळे नाहीत, मग ज्याच्या लिबर्टी आधी संपतील तो मेला. सामाईक लिबर्टी नसतील तर जास्तवाला जिंकतो आणि समसमान असतील तर ज्याची पाळी तो. भरायची सुरुवात बाहेरच्या लिबर्टीपासून करा, सामाईक शेवटी. उलटं केलं तर समोरच्याची एक भरताना स्वतःचीही एक भरली जाते. ही चूक इतकी वेळा होते की शर्यत दिसली की हात पटावरून मागे घेऊन आधी दोन्हीकडचे आकडे मनात म्हणावेत.

मोठ्या डोळ्याला दिसतात त्यापेक्षा जास्त चाली लागतात: तीन छेदांच्या डोळ्याला तीन, पण चारला पाच, पाचला आठ आणि सहाला बारा. आत खडे टाकले की ते उचलले जातात आणि पुन्हा टाकावे लागतात, म्हणून.

कोडी कशी सोडवायची

रोज पंधरा मिनिटं जगण्या-मरण्याची आणि पकडण्याची कोडी. सोपी घ्या. उत्तर एका मिनिटाच्या आत दिसलं पाहिजे. पाच मिनिटं लागत असतील तर ती पातळी आत्ताची नाही. एका कठीण कोड्यावर अर्धा तास डोकं फोडण्यापेक्षा वीस सोपी कोडी नीट सोडवलेली बरी, कारण डावात हेच सोपे आकार पुन्हापुन्हा येतात आणि ते बघताक्षणी ओळखता आले पाहिजेत.

फोनवरच्या ॲपमध्ये सोडवत असाल तर एक शिस्त पाळा: पहिली चाल दाबण्याआधी संपूर्ण क्रम डोक्यात पूर्ण करा, समोरच्याच्या सर्वांत चिवट उत्तरासकट. पहिली चाल अंदाजाने दाबायची आणि ‘बरोबर’ आलं की पुढे जायचं, याने नजर तयार होत नाही. चुकलेली कोडी बाजूला ठेवून दोन-तीन दिवसांनी परत घ्या.

ओपनिंग: थोडक्यात पुरतं

नऊ छेदांचा मुलूख घेरायला कोपऱ्यात सहा खडे लागतात, कडेला नऊ आणि मधे बारा. म्हणून आधी कोपरे, मग कडा, मग मध्य. तिसऱ्या रेघेवरचा खडा मुलूख धरतो, चौथ्या रेघेवरचा बाहेरच्या बाजूला वजन देतो. दोन्हींची मिसळ ठेवा. तिसऱ्या रेघेवरच्या एकट्या खड्यापासून कडेने मधे दोन छेद सोडून वाढलात तर तोडणं सोपं राहत नाही. दोन खड्यांची उभी भिंत असेल तर तीन छेद सोडता येतात.

कोपऱ्यातल्या ठरलेल्या चालींपैकी दोन-तीनच शिका, पण प्रत्येक खडा का आहे ते समजून. तीन-तीनच्या छेदावर (दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेघेवरच्या) अगदी सुरुवातीला घुसण्याची पद्धत कॉम्प्युटरच्या प्रभावामुळे रूढ झाली, आणि नवखे तिची नक्कल करतात. कोपरा मिळतो, पण समोरच्याला बाहेर मोठी भिंत मिळते, आणि त्या भिंतीशी पुढे कसं वागायचं हे अजून माहीत नसतं.

दुसऱ्या टप्प्यावर जास्त उपयोगाचा नियम हा: ज्याला मारायचंय त्याला चिकटू नका. चिकटून खेळलं की दोघेही मजबूत होतात. हल्ला लांबून करायचा, त्याला पळायला लावायचं आणि तो पळत असताना आपल्या बाजूचा मुलूख बांधायचा. उलट आपला गट अडचणीत असेल तर समोरच्याला चिकटणं हीच चांगली चाल असते, कारण तुम्हाला चटकन आकार हवा असतो. आणि त्याच्या मजबूत भिंतीपाशी मुलूख बांधायला जाऊ नका. ती पडणार नाहीच, वर तुमचाच गट कमकुवत होईल.

डाव संपवताना

पास म्हणण्याआधी हद्दीवरून एकदा नजर फिरवा. कुठे भगदाड आहे का, अतारी दिल्यावर जोडावं लागेल अशी जागा उरलीय का. जपानी पद्धतीच्या मोजणीत स्वतःच्याच मुलखात विनाकारण टाकलेला खडा एक गुण घालवतो, चिनी पद्धतीत तसं होत नाही. पांढऱ्याला दुसरा खेळण्याची भरपाई म्हणून कोमी मिळते, जपानमध्ये साडेसहा आणि चीनमध्ये साडेसात.

शेवटच्या टप्प्यात चालीच्या आकाराइतकंच महत्त्व कुणाच्या हाती पुढाकार राहतो याला आहे. समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं अशी चाल म्हणजे सेंते. उत्तर न देता तो दुसरीकडे जाऊ शकतो ती गोते. सेंते चाली आधी घ्या, मग सर्वांत मोठी गोते. नवखे याच्या नेमकं उलट, समोरच्याने जिथे टाकलं तिथेच उत्तर देत सगळा डाव संपवतात. प्रत्येक वेळी विचारा: उत्तर दिलं नाही तर किती जाईल? दोन गुणच जाणार असतील आणि दुसरीकडे सहा मिळत असतील तर ते दोन जाऊ द्या.

डाव तपासणं आणि कॉम्प्युटर

मार्च २०१६ मध्ये सोलला अल्फागो या कॉम्प्युटर प्रोग्रामने ली सेडोल या अव्वल व्यावसायिक खेळाडूला ४-१ ने हरवलं. २०१९ मध्ये काटागो हा त्याच जातीचा मोफत आणि मुक्त प्रोग्राम आला. त्यामुळे आज कुणालाही आपला डाव व्यावसायिकांपेक्षा ताकदवान परीक्षकाकडून तपासून घेता येतो. पण डाव संपला की लगेच तो सुरू करू नका. आधी स्वतः डाव परत मांडा आणि तुमच्या मते डाव जिथे फिरला ती जागा ठरवा. मगच प्रोग्रामने काढलेला आलेख बघा.

काटागो गुणांची आघाडी दाखवतो. जिंकण्याच्या टक्क्यांपेक्षा तोच आकडा बघा. दहा-पंधरा गुणांनी घसरलेल्या दोन किंवा तीनच चाली निवडा. एक-दोन गुणांच्या चुका आत्ता सोडून द्या, त्या समजण्याची पातळी अजून आलेली नाही. निवडलेल्या चालीवर ‘सर्वोत्तम चाल कोणती होती’ यापेक्षा ‘कोणता गट कमकुवत होता आणि मला तो का दिसला नाही’ हे विचारा. कॉम्प्युटरची पसंतीची चाल कित्येकदा पटाच्या दुसऱ्या टोकाला असते. तिथून शिकण्यासारखं फार नसतं. गट मेल्याचं कारण मात्र पुढच्या डावात थेट उपयोगी पडतं.

दर्जा आणि हँडिकॅप

हौशी खेळाडू ३० क्यूपासून १ क्यूपर्यंत चढतो आणि मग १ दानपासून वर. आकडा क्यूमध्ये कमी होत जातो, दानमध्ये वाढत जातो. १९×१९ वर एका दर्जाच्या फरकाला एक खडा हँडिकॅप (कमकुवत खेळाडूला सुरुवातीलाच मिळणारे जादा खडे), नऊ खड्यांपर्यंत. ऑनलाइन सर्व्हरवर हा हिशोब आपोआप होतो, पण सर्व्हर बदलला की दर्जा दोन-चार पायऱ्यांनी खालीवर दिसू शकतो, त्याने गोंधळू नका.

तुमच्यापेक्षा पाच-सहा दर्जे वरच्या माणसाशी हँडिकॅप घेऊन आठवड्यात एक तरी डाव खेळा आणि डावानंतर त्यालाच विचारा की कोणत्या खड्यापाशी त्याला सुटका दिसली. हँडिकॅपच्या डावात काळ्याची नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात आपापला छोटा मुलूख राखत बसणं. हाती असलेले जादा खडे हल्ल्यासाठी आहेत. पांढऱ्याला दोन कमकुवत गट एकाच वेळी सांभाळायला लावा: एकाला ढकलत असताना तुमचे खडे आपोआप दुसऱ्याच्या दिशेने सरकतील अशी बाजू निवडा. मारता नाही आलं तरी चालेल. तो दोन्ही गट वाचवण्यात गुंतला असताना बाकीच्या पटावर तुम्ही दोन-तीन मोठ्या चाली जास्त घेतलेल्या असतील.